वरची भिंत, खालची भिंत

हिलारियोनं लग्नाचं विचारलं ते भिंतीवरून. तो छप्पर बदलायला चर्चच्या भिंतीवर चढलेला, तोंडात चार खिळे, हातात जुना गंजका पत्रा, आणि सेबिया खाली झाडू घेऊन. "बाजूला हो," तो म्हणाला. ती बाजूला झाली, पत्रा दाणकन खाली पडला, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून आवाज आला, "सेबिया, लग्न करतेस का माझ्याशी?"

"खिळे काढून बोल. काही कळत नाही."

तिला सगळं कळलं होतं. त्यानं खिळे काढून खिशात टाकले आणि पुन्हा विचारलं, तेव्हा तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एक नवरा पुरलेला, दोन मुलं बाग्यो शहरात नोकरीत, गुडघे कुरकुरणारे, आणि वेदीसमोरच्या बाकावर बसून पोरीसारखी खिदळतेय. "करते की," ती कशीबशी म्हणाली. "पण इथं, चर्चमध्ये. लाल दारातून आत येऊन."

तिचं पहिलं लग्न खाणीच्या छावणीत, जेवणाच्या खोलीत लागलं होतं. शपथ घेताना मागून कुणीतरी आणखी भात मागत होतं. नवरा गेल्यावर ती दाकियांगला, म्हणजे आमच्या गावी, माहेरी परतली आणि चर्चची झाडलोट, घंटा आणि पाहुण्यांना इतिहास सांगणं, ही तिन्ही कामं तिच्याकडे आली. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नवरीसाठी घंटा तिनंच वाजवली. नवरी लाल दारातून आत शिरली की सेबिया दोर आणखी जोरात ओढायची.

आता या लग्नाला आडवं काय येणार, असं परक्या माणसाला वाटेल. तो परका माणूस आमच्या गावचा नाही, एवढंच त्याचं उत्तर. सेबिया वरच्या आळीची, हिलारियो खालच्या आळीचा. आणि दोन्ही आळ्यांच्या मधे आमचं एपिस्कोपल चर्च उभं आहे.

ते ज्या तऱ्हेनं उभं आहे, ते बघायला लोक मुद्दाम येतात. छप्पर तिरपं. आढं मधोमध नाही. वरच्या आळीकडच्या भिंतीला टोकदार कमानीच्या चार खिडक्या, समोरच्या भिंतीला पाच. बाप्तिस्म्याचं कुंड म्हणजे भात कांडायचं दगडी उखळ. आणि घंटा चर्चवर नाहीच, ती अंगणातल्या पाइनच्या झाडाला टांगलेली.

"असं का, मनांग?" पाहुणे सेबियाला विचारायचे. मनांग म्हणजे ताई.

मग सेबिया आधी आजूबाजूला बघायची. वरच्या आळीचं कुणी जवळ असेल तर एक इतिहास, खालच्या आळीचं असेल तर दुसरा. दोन्हीकडचे असतील तर ती त्यांना उखळ दाखवायची.

दोन्ही इतिहासांना मान्य असलेला भाग असा. शंभर वर्षांपूर्वी पादी हॉलिस नावाचा अमेरिकन मिशनरी खेचरावर बसून आला. पाद्र्याला आम्ही पादी म्हणतो. त्याच्याकडे चर्चचा सुरेख नकाशा होता, दोन्हीकडे चार-चार खिडक्या. डोंगरातला पांढरा दगड फोडला, चुनाभट्टी लागली, पाया भरला आणि पादी हॉलिसला हगवण लागली. त्याला डोलीत घालून बोंतोकच्या दवाखान्यात नेलं. जाताना तो म्हणाला, एक भिंत एका आळीनं बांधा, दुसरी दुसरीनं, म्हणजे भांडणं होणार नाहीत. बिचारा नवीन होता.

शर्यत लागली. जिची भिंत आधी पुरी होईल, तिच्या बाजूला घंटा. माप हातानं घ्यायचं ठरलं, पण वरच्या आळीनं आपल्या म्हाताऱ्याचा हात घेतला, खालच्या आळीनं आपल्या. वरच्यांचा म्हातारा लांबडा, म्हणून त्यांची भिंत वीतभर उंच झाली. खालच्यांनी एक खिडकी जास्त काढली. उजेडासाठी, असं ते सांगतात. खिडकी म्हणजे तेवढे दगड वाचले, असं वरचे सांगतात.

दोन्ही भिंतींचा शेवटचा थर राहिला असताना एक दिवस शकुनाचा पक्षी कामावरून आडवा ओरडत गेला. म्हाताऱ्यांनी ओबाया पुकारला. ओबायात कुणी कामाला हात लावायचा नाही, वाटांवर गवताच्या गाठी बांधायच्या आणि घरात बसायचं. तेव्हाही मोडत नसत, आताही मोडत नाहीत. ओबाया सुटला, लोक कामावर आले, तर दोन्ही भिंती पुऱ्या.

इथून इतिहास फुटतो. वरचे म्हणतात, आमचा थर पक्षी ओरडायच्या आधीच झाला होता, खालच्यांची भिंत ओबायात वाढली. खालचे हेच उलटं म्हणतात. पादी हॉलिस बरा होऊन आला, त्यानं चार आणि पाच खिडक्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि घंटा गपचूप झाडाला टांगली. ते झाड पुढं वादळात पडलं. त्याच जागी दुसरं लावलं, ते मोठं होईपर्यंत घंटा दोन बांबूंवर, बरोबर मधोमध.

तर अशा गावात सेबिया आपल्या थोरल्या भावाला लग्नाचं सांगायला गेली. मनोंग कायात, म्हणजे तिचा कायातदादा, डुकरांना रताळ्याचा पाला घालत होता.

"खालच्या आळीचा?" तो म्हणाला.

"माणूस बघ ना, मनोंग. आळी काय बघतोस."

"माणूस चांगलाय. माझ्या कोंबड्यांचं खुराडं त्यानंच बांधलं. पण आदिंग, माझी धाकटी तू, ओबाया मोडणाऱ्यांच्या घरचं मांस मी खाऊ? आधी त्यांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून कबूल करावं. मग मी पोटभर खातो."

"आणि नाही केलं तर?"

"तर तुझ्या लग्नाचं वातवात माझ्या आळीतलं कुणी हातात घेणार नाही."

वातवात म्हणजे लग्नात प्रत्येकाच्या हातात पडणारा उकडलेल्या डुकराचा तुकडा. तान्ह्या पोराच्या नावानंही एक निघतो. ते अर्ध्या गावानं नाकारलं, तर पादीनं कितीही मंत्र म्हटले तरी ते लग्न नव्हे.

सेबिया तशीच खाली उतरून हिलारियोच्या आत्याकडे गेली. आपो गावानी, म्हणजे गावानी आजी, खालच्या आळीतली सगळ्यात म्हातारी, तोंडात दात कमी आणि सुपारी जास्त. ती उन्हात बसून शेंगा सोलत होती.

"पोरी, तू गुणाची आहेस," आपो गावानी म्हणाली. "तुझी भिंत वाईट."

"भिंत माझी नाही, आपो. मी फक्त झाडते."

"मग झाडताना सांग तुझ्या भावाला, की तुमच्यांनी ओबाया मोडला ते कबूल करा. माझा बाप त्या भिंतीवर राबला होता." आणि म्हातारीच्या ओठांवर हसू येऊन गेलं, असं सेबियाला वाटलं. पण सुपारी खाणाऱ्या तोंडाचा काय भरवसा.

ती चर्चमध्ये परत आली तेव्हा तिला रडूच कोसळलं. वर छप्पर नव्हतं, उघड्या वाशांतून सगळं आभाळ दिसत होतं. या वयात लग्नासाठी रडायची लाजही वाटत होती आणि रडणं थांबतही नव्हतं. "आपण बाग्योला जाऊन कचेरीत लग्न करू," असं हिलारियो वरून म्हणाला तेव्हा ती आणखीच रडली. कचेरीत पुन्हा कुणीतरी भात मागेल, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी ती वेदीवरच्या मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण सुरीनं खरवडत होती. हिलारियो खालच्या आळीकडच्या भिंतीवर नव्या तुळईसाठी जागा सपाट करत होता. ठोक ठोक चाललेलं अचानक थांबलं.

"सेबिया, वर ये."

"या गुडघ्यांनी?"

"ये म्हणतो ना."

ती शिडीनं वर चढली. हिलारियोचं तोंड उतरलं होतं. त्यानं वरच्या थरातला एक दगड नुसत्या हातानं उचलून दाखवला. खालचे सगळे थर चुन्यात बसवलेले, छिन्नीलाही दाद न देणारे. हा एकच थर चिखलात. भाताचा पेंढा घालून कालवलेला, घरच्या चुलीला लावतात तसला चिखल.

"चुन्याची कोठी मिशनच्या कुलपात असायची," हिलारियो हळू म्हणाला. "ओबायात कुलूप कोण उघडणार? म्हणून चिखल. आमच्याच लोकांनी केलं, सेबिया. शंभर वर्षं आम्ही छाती काढून फिरलो." मग त्यानं दगडाखालच्या पोकळीतून आणखी एक वस्तू काढली. तांदळाची दारू, तापेय, मुरवतात ना, त्या बरणीचा वरचा अर्धा तुकडा. तपकिरी, गळ्यावर सापासारखी नक्षी.

सेबियानं तुकड्यावरची माती हातानं पुसली.

"उद्या मी पायरीवर उभा राहून सांगतो," तो म्हणाला. "तुझा भाऊ खूश होईल. लग्न होईल."

"आणि तुझी आळी? आपो गावानी तुला दारात उभं करणार नाही. जन्मभर वाळीत पडशील."

"पडेन. तुला लाल दारातून यायचंय ना?"

हे ऐकून सेबियाला गरगरलं. उंचीमुळं नव्हे. या माणसावर आपलं किती प्रेम आहे ते तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि भिंतीवर बसून कळायला नको होतं असंही वाटलं, कारण धरायला काही नव्हतं. तिनं त्याचाच दंड धरला. आणि मग समोरच्या भिंतीकडे तिची नजर गेली. वीतभर उंच, ताठ, मनोंग कायातसारखी.

"थांब," ती म्हणाली. "आधी तिकडं बघू."

"तिकडं काय?"

"तिकडं माझे लोक आहेत. मी त्यांना ओळखते."

ती खाली उतरली, शिडी ओढत समोर नेली, त्याला हात लावू दिला नाही, आणि पुन्हा चढली. मेणाची सुरी तिच्या कमरेलाच होती. वरच्या थराच्या सांध्यात तिनं ती खुपसली आणि सुरी मुठीपर्यंत आत गेली. चिखल. तिनं दुसरा सांधा बघितला. चिखल. वेदीकडून दाराकडे सरकत सरकत तिनं थर चाचपला, आणि मधे एक दगड डुगडुगला. मागोमाग चढलेल्या हिलारियोनं तो उचलला. खाली बरणीचा बुडाचा अर्धा तुकडा होता.

त्यानं आपल्याकडचा तुकडा त्यावर ठेवला. भांडं ओठाला ओठ लावून बसलं. सापाचं शेपूट खालच्या तुकड्यावर होतं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि सेबिया जी हसत सुटली ती थांबेचना. हिलारियोला आधी कळायला वेळ लागला, मग तोही सुटला. छप्पर नसलेल्या चर्चमधून हसणं थेट दोन्ही आळ्यांत गेलं. वरच्यांना वाटलं हिला झटका आला. खालच्यांना वाटलं ती भिंतीवर अडकली. आपो गावानीचा मुलगा बाल्दो दोर घेऊनच धावत आला. बघता बघता अंगण भरलं, आणि पादी लुर्देस, आमच्या पादी बाई, हातात अर्धा सोललेला कांदा घेऊन घरातून आल्या.

"काय झालं, मनांग?"

सेबियाला बोलता येईना. तिनं नुसती बरणी वर धरली, मग इकडची भिंत दाखवली, मग तिकडची. शेवटी हिलारियोनं सांगितलं.

मनोंग कायात शिडीवर अर्धा चढला, दगड बघितला, चिखल बोटानं उकरला, वास घेतला. "हे त्यांचंच काम," तो म्हणाला. "आमच्यावर आळ यावा म्हणून त्यांनीच आमच्या भिंतीत हे करून ठेवलं."

"म्हणजे मनोंग," पादी लुर्देस म्हणाल्या, "ओबायाच्या रात्री खालची आळी येऊन तुमच्या भिंतीचा अख्खा थर रचून गेली? फुकटात?"

कायात शिडीवर तसाच राहिला. खाली उतरावं तर लोक, वर चढावं तर चिखल.

तेवढ्यात गर्दीतून घोगरं हसणं ऐकू आलं. आपो गावानी काठीवर रेलून उभी होती आणि तिच्या हनुवटीवरून सुपारीची लाल लाळ गळत होती. "सापडली का शेवटी," ती म्हणाली. "इतकी वर्षं टिकली म्हणजे बरी होती बरणी."

"आई," बाल्दो म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"बापानं मरताना सांगितलं." तिला पायरीवर बसवलं, आणि तिनं सगळ्यांना बऱ्यापैकी वाट बघायला लावून सांगायला घेतलं. "माझा बाप पाग्याव चिखलाची पाटी घेऊन आमच्या भिंतीवर चढला. वर जाऊन बघतो तर समोरच्या भिंतीवर एक माणूस. तो लांगबिस, या कायातचा आजा. त्याच्याही डोक्यावर पाटी. आता ओरडणार कोण? जो ओरडेल तो स्वतःच सापडणार. दोघं तसेच बसून राहिले, दोन घुबडांसारखे. थंडी मरणाची. माझ्या बापाकडे तापेय होती. शेवटी त्यानं बरणी वर करून दाखवली. लांगबिस उतरला, इकडं चढला, प्यायला. मग दोघांनी मिळून आमचा थर लावला, मग दोघांनी मिळून तुमचा. तोवर इतकी झाली होती की बरणी हातातून निसटली. तिचे दोन तुकडे दोघांनी वाटून घेतले आणि आपापल्या भिंतीत घातले. ठरलं काय, तर तू बोललास तर मी माझा तुकडा काढीन, मी बोललो तर तू तुझा काढ."

"आणि सकाळी?" पादी लुर्देसनी विचारलं.

"सकाळी दोघंही सगळ्यांत मोठ्यानं भांडले."

कुणीतरी मागं फसकन हसलं. मग दुसरं. मग ते हसणं वणव्यासारखं पसरलं. वरचे खालच्यांच्या खांद्यावर पडून हसत होते. कायात शिडीवरच हसायला लागला आणि शिडी हलायला लागली, तेव्हा बाल्दोनं ती धरली. दोर आणला होता तो शेवटी तिथं बांधायला उपयोगी पडला.

सेबिया भिंतीवर बसून खाली बघत होती. सगळ्या गावाचे दात एकाच वेळी दिसायचा हा तिच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. "मनोंग," ती वरून म्हणाली, "आता वातवात खाशील का?"

"खाईन म्हणजे काय. डुक्करच माझं." कायात डोळे पुसत म्हणाला. "ओबाया आधी आमच्या आजोबानं मोडला. मान आमचा."

"कसा काय?" बाल्दो म्हणाला.

"कसा म्हणजे? तुझा आजा वर चढला तेव्हा आमचा समोर होताच की. तुझ्या आईनंच सांगितलं आता."

"बसला असेल. चिखलाला हात आधी कुणी लावला? थर आधी आमचा लागला. डुक्कर आमचं."

आणि पुन्हा सुरू. शंभर वर्षं जो डाग दुसऱ्याच्या कपाळी लावायला धडपडत होते, तोच आता दोन्ही आळ्या ओढून ओढून आपल्या कपाळी लावून घेत होत्या. सेबिया उतरून पायरीवर आपो गावानीशेजारी बसली. "एवढी वर्षं गप्प का राहिलात, आपो?"

"दुसऱ्या गावांतली चर्चं बघितलीस रविवारची? बाकं रिकामी. इथं बघ. वरचे येतात खालच्यांनी बाकं अडवू नयेत म्हणून, खालचे येतात वरचे पुढं बसू नयेत म्हणून." म्हातारीनं वाद घालणाऱ्यांकडे समाधानानं बघितलं. "आज बरणी निघाली तेव्हा मला घोर लागला होता. आता नाही."

छप्पर बसवायची वेळ आली. हिलारियो म्हणाला, आलोच आहे वर तर आढं सरळ करून देतो, तेव्हा दोन्ही आळ्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. ते तिरपंच राहिलं. बरणी तारेनं बांधून उखळाशेजारी ठेवली. डुकरं दोन कापली, एकेका आळीचं एक, आणि अंगणात मोठ्या कढयांखाली जाळ लागला.

लग्नाच्या दिवशी सेबिया आईनं विणलेलं लुगडं नेसून लाल दाराबाहेर उभी राहिली. आत बाकं गच्च. हिलारियो वेदीपाशी. ती वाट बघत राहिली. कशाची ते तिलाही आधी कळेना, मग कळलं. घंटा वाजत नव्हती. घंटा वाजवणारी दारात नवरी होऊन उभी होती, आणि तिच्या जागी कुणाला उभं करायचं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिला हाताला धरून आत नेणारा कायातही जागेवर नव्हता. झाडाखालून आवाज येत होता.

"आधी आमचा हात."

"तुझ्या आजानं आधी केलं असेल, दोर मी धरला आधी."

कायात आणि बाल्दो. सेबियानं लुगडं गुडघ्यापर्यंत उचललं आणि अंगण ओलांडून गेली. "सरका," ती म्हणाली. दोघं सरकले. तिनं दोर धरून पहिला टोल दिला, नेहमीसारखा, मग दुसरा. तिसऱ्याला तिनं कायातचा हात दोरावर ठेवला आणि त्यावर बाल्दोचा. "दोघं मिळून. मी आत पोचेपर्यंत थांबायचं नाही."

"तुला आत कोण नेणार?" कायात म्हणाला.

"रस्ता मला माहीत आहे, मनोंग. रोज झाडते."

ती लाल दारातून आत शिरली. आणि दोन बाकं ओलांडल्यावर तिचे पाय थांबले. इतकी वर्षं ती घंटा तिनं बाहेर, झाडाखाली, कान बधिर होईपर्यंत वाजवली होती. आतून ती कशी ऐकू येते ते तिला माहीतच नव्हतं. दोन्ही भिंतींवरून आवाज परतत होता, उंच भिंतीवरून आधी, बुटक्या भिंतीवरून किंचित मागून, आणि वर नवे पत्रे गुणगुणत होते. तिचे डोळे भरून आले आणि लगेच हसूही आलं.

हिलारियो वेदीपाशी काळजीत उभा होता. ती शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "उशीर का झाला?"

"ऐकत होते," सेबिया म्हणाली. "चांगली वाजते रे."

बाहेर कायात आणि बाल्दो दोर ओढतच होते. ती आत पोचल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि आधी थांबायला दोघांपैकी एकही तयार नव्हता. शेवटी पादी लुर्देसनी पुस्तक उघडलं आणि घंटेच्या वर आवाज काढून वाचायला सुरुवात केली.